आक्कांच्या पिशवीची गाठ आणि सांगलीतली ही तुकडा तपासणारी लॅब

मी तासगावात लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, जून उजाडला की शाळेचे गणवेश. कुठल्या जागेविषयी असं लांबलचक लिहायची ही माझी पहिलीच वेळ. गेल्या मार्च-एप्रिलमध्ये मी या लॅबचा जिना सात वेळा चढले. तिथे जे झालं ते आमच्या भागातल्या बायकांना कळलंच पाहिजे, म्हणून वेळ काढून लिहिते आहे.

लॅब म्हटलं की आपल्याला रक्त-लघवी आठवते. इथे ते होत नाही. इथे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासतात. मेणात बसवतात, केसापेक्षा पातळ चकत्या काढतात, रंगवतात आणि दुर्बिणीखाली बघतात. बघणाऱ्या डॉक्टर मॅडम साधारण पंचावन्नच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं हळू. त्यांची सही असलेला कागद आज आमच्या कपाटात सातबाऱ्याच्या शेजारी ठेवलेला आहे.

पेशंट म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वय ४६. घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात. हंगामात त्या बेदाणा शेडवर निवडायला जातात. दोन-अडीच वर्षं त्यांच्या अंगावर फार जायचं. पहिल्यांदा तालुक्याला गर्भाची पिशवी साफ करून घेतली, त्याचा तुकडा तपासला, काही निघालं नाही. पाळी जायचं वय आहे, होतं असं, असं जो तो म्हणाला, आणि खरं सांगते, मीही म्हणाले. यंदा फेब्रुवारीत शेडवरच चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन ७.२. दोन बाटल्या रक्त चढवलं. सोनोग्राफीत साडेसहा सेंटीमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूतली साधी गाठ दिसली. पिशवी काढायची ठरली. वय पन्नाशीच्या आतलं, म्हणून अंडाशय ठेवले.

ऑपरेशन पोट उघडून झालं आणि नीट झालं. त्या डॉक्टरांच्या हाताविषयी मला काही म्हणायचं नाही. त्यानंतरचं मात्र सांगायला हवं. वॉर्डातल्या मावशींनी माझ्या हातात प्लास्टिकची बरणी दिली, "तपासायला द्यायची आहे, सोमवारी लॅबवाला येईल." शनिवार दुपार होती. बरणीत पिशवी कशीबशी कोंबलेली आणि तळाला बोटभर पाणी. पाणी कसलं, फॉर्मालिन होतं ते. अर्धी पिशवी वर उघडी. दोन रात्री ती बरणी खिडकीत होती, मार्चच्या उन्हात. मला त्यातलं काही कळत नव्हतं, नाहीतर तेव्हाच बोलले असते.

आठवड्याने रिपोर्ट आला. सेल्युलर लिओमायोमा. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, फक्त पेशी जरा दाट आहेत, चिंता नको. पेढे वाटले आम्ही. रात्री दुकान आवरताना मी तो कागद पुन्हा काढला. मला मापाची वही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे, कारण गिऱ्हाइकाचं खरं म्हणणं तिथेच लिहिलेलं असतं. कागदाच्या तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती, खात्रीसाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी. पुतण्या सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, त्याला फोनवर वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं की अशी ओळ छापीलच असते, सगळ्यांच्या रिपोर्टवर असते. मग पुतण्याने चार ठिकाणी विचारून या लॅबचा पत्ता काढला. आक्कांना म्हटलं, टाके काढायला जायचंच आहे, मी सांगलीला जाऊन येते. त्या म्हणाल्या, "अगं, डॉक्टर नाही म्हणालेत ना? कशाला उकरायचं?" तरी पहिल्या लॅबमधून दोन काचा, म्हणजे तुकड्याच्या रंगवलेल्या चकत्या चिकटवलेल्या पट्ट्या, घेतल्या आणि एसटीत बसले.

सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात, दुसऱ्या मजल्यावर लॅब आहे. बाहेर सहा खुर्च्या, त्यातली एक मोडकी. माझा नंबर पाऊण तासाने लागला. मॅडमनी दोन्ही काचा दुर्बिणीखाली घातल्या. मला वाटलं एक मिनिटाचं काम असेल. त्या वीस मिनिटं बघत होत्या. मध्येच पुस्तक काढलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "या दोन काचांवर मी नाव लिहिणार नाही. लिहिलं तर तो माझा अंदाज होईल आणि तुम्ही तो निकाल म्हणून घरी न्याल."

मी याच वाक्यासाठी या लॅबला मानते. पैसे घेऊन काहीतरी लिहून देणं सोपं होतं.

मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि गोल काढला. "साडेसहा सेंटीमीटरच्या गाठीतून दोनच तुकडे घेतलेत, तेही मधले. निदान दर सेंटीमीटरला एक हवा. आणि मला मधलं नको, मला काठ हवा. गाठ जिथे संपते आणि पिशवीचं स्नायू जिथे सुरू होतं, ती जागा." पुढे त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. पिशवीच्या आतल्या अस्तराला आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यांना स्ट्रोमा म्हणतात. त्यांची गाठ होऊ शकते. ती फार क्वचित आढळते. सोनोग्राफीत ती हुबेहूब फायब्रॉइडसारखी दिसते. दुर्बिणीखालीसुद्धा पेशींच्या दाट फायब्रॉइडशी तिची गल्लत होते. तिच्या पेशी बघायला मवाळ असतात, पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात अस्तरात असतात तशाच. दोन वर्षांपूर्वी पिशवी साफ केली तेव्हा काही सापडलं नाही, त्यामागे हेही असू शकतं. खरवडून काढलेल्या चुऱ्यात काठच नसतो.

आणि काठावरच सगळं ठरतं. त्याच पेशींची गाठ गोल आणि स्वच्छ कडेची असेल तर तिला स्ट्रोमल नोड्यूल म्हणतात. काढली की विषय मिटला. कडेला थोडा चढउतार चालतो, पण जिभेसारखी टोकं तीनपेक्षा कमी हवीत आणि प्रत्येक तीन मिलिमीटरच्या आत हवं. त्याहून जास्त टोकं स्नायूत घुसलेली असली किंवा रक्तवाहिनीत शिरलेली असली, तर तोच सार्कोमा. म्हणजे कॅन्सर. पेशींचा चेहरा दोन्हीकडे एकच.

मला ते लगेच पटलं. कापड मध्ये कितीही सुंदर असू दे, ते उसवतंय की नाही हे मी काठाला बोट लावूनच बघते.

"उरलेली पिशवी अजून असेल का त्यांच्याकडे?" मॅडमनी विचारलं. पहिल्या लॅबला फोन लावला. ते म्हणाले, महिन्याभराने टाकतो आम्ही, तुमचे एकोणीस दिवस झालेत, असेल. मॅडमनी मला स्वतःची एक मोठी बरणी दिली, वर घट्ट झाकण, आत फॉर्मालिन भरलेलं. "तुकड्याच्या दहापट फॉर्मालिन लागतं. ते मांसात तासाला साधारण मिलिमीटरभर शिरतं, म्हणून एवढी मोठी पिशवी न चिरता ठेवली तर आतपर्यंत पोचायच्या आत आतलं खराब होतं." तेव्हा मला ती खिडकीतली बरणी आठवली आणि पोटात गोळा आला. त्यांना सांगितलं. त्या कुणाला नावं ठेवत बसल्या नाहीत. "कडेचा भाग बरा असेल, कडेपर्यंत ते पोचलं असेल," एवढंच म्हणाल्या. आणि तसंच निघालं.

दुसऱ्या दिवशी पिशवी आणि आधीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे घेऊन मी परत हजर. मॅडमनी स्वतः सुरी घेऊन गाठीच्या कडेने बारा तुकडे घेतले. टेक्निशियन मुलगा प्रत्येकाला नंबर देत होता आणि दोनदा मोठ्याने वाचत होता. दुसऱ्याचा तुकडा आपल्या नावावर जाऊ नये याची ही काळजी मी डोळ्यांनी बघितली आहे.

पाच दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. दुर्बिणीला टीव्हीसारखा पडदा जोडलेला आहे. गुलाबी स्नायू, त्यात जांभळ्या ठिपक्यांचे लोट शिरलेले. पुराचं पाणी उसाच्या सऱ्यांतून शिरतं ना, अगदी तसं. २०१९ चा कृष्णेचा पूर ज्यांनी बघितला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. जांभळ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांभोवती घोळका करून बसलेल्या. मॅडमनी काच सरकवली. एका मोठ्या शिरेच्या आत त्याच पेशींचा बोळा. "हे बघितल्यावर मला शंका राहिली नाही. तरी रंगांची चाचणी करू, कारण उपचार करणाऱ्यांना ती लागेल."

ती म्हणजेच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, रिपोर्टच्या तळाला लिहिलेली. पेशीत कुठली प्रथिनं आहेत ते रंगावरून कळतं. ही चाचणी इथे होत नाही, ठोकळा मुंबईला जातो, आठ दिवस लागतात. आक्कांच्या गाठीत सीडी-१०, म्हणजे स्ट्रोमाच्या पेशींत असणारं प्रथिन, भरपूर उमटलं. डेस्मिन आणि एच-कॅल्डेस्मॉन ही स्नायूची प्रथिनं उमटली नाहीत. मॅडमनी इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली. नुसतं सीडी-१० उमटलं म्हणून नाव ठरत नाही, दाट फायब्रॉइडमध्येही ते कधी कधी उमटतं. म्हणून स्नायूचे दोन रंग सोबत लावायचेच. पुढे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीतल्या ती हार्मोन पकडणाऱ्या जागा, दोन्ही जोरात. सायक्लिन डी-१ तुरळक. हे ठळक आणि सगळीकडे उमटलं असतं तर जास्त आक्रमक प्रकाराचा संशय घेतला असता. शेवटचं नाव, लो-ग्रेड एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा, म्हणजे अस्तराच्या त्याच आधार-पेशींचा, पण सावकाश वाढणारा कॅन्सर.

जनुकाची चाचणी करायची का, मी विचारलं. या गाठींत ७ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन दोन जनुकं जोडली जातात, हे २००१ मध्ये सापडलं आहे. मात्र सगळ्यांच गाठींत ते सापडत नाही. "चित्र स्वच्छ नसतं तर मी स्वतः पाठवायला सांगितलं असतं. तुमचं चित्र स्वच्छ आहे. ते पैसे पुढच्या सीटी स्कॅनला ठेवा." लॅबवाल्याने चाचणी करू नका म्हणणं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. रंगांचा शेवटचा रिपोर्ट माझ्या व्हॉट्सॲपवर रात्री पावणेदहाला आला. नुसती फाइल. खाली ना फोन नंबर, ना "सकाळी या" असा निरोप. मॅडमनी आधी कल्पना दिली होती, तरी तो शब्द छापलेला वाचला आणि माझे हात थरथरायला लागले. भिंतीपलीकडे आक्का नातवाला झोपवत होत्या. त्या रात्री मी कुणाला काही बोलले नाही. असा रिपोर्ट रात्री पाठवू नये. पाठवायचाच असेल तर आधी फोन करावा. सकाळी मॅडमना हे तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली आणि काउंटरच्या मुलीला बोलावून माझ्यासमोरच सांगितलं की यापुढे असे रिपोर्ट त्यांना विचारल्याशिवाय पाठवायचे नाहीत. जूनमध्ये कागद आणायला गेले तेव्हा तशी चिठ्ठी काउंटरच्या काचेवर चिकटवलेली होती.

बाकीच्या तक्रारी बारीक आहेत. लिफ्ट सातपैकी चार वेळा बंद. ऑपरेशन झालेल्या बाईला दोन मजले चढवू नका, पेशंटला आणायची गरजच नसते. दुपारी एक ते चार फोन कुणी उचलत नाही. रिपोर्ट फक्त इंग्रजीत. मी हट्टाने मॅडमकडून मराठीत सहा ओळी लिहून घेतल्या, आणि त्या सहा ओळींमुळेच घरात सगळ्यांना एकच गोष्ट समजली. नाहीतर जो तो मोबाईलवर बघून वेगळंच सांगत होता. असा मराठी कागद त्यांनी सगळ्यांना द्यावा.

खर्च सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. जुन्या काचा बघायचे १,००० रुपये. पिशवी पुन्हा तपासायचे २,२००. रंगांच्या चाचणीचे सहा रंग मिळून ७,८००. एकूण ११,०००, जाण्यायेण्याचं वेगळं. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही. पण त्यातून काय मिळालं ते बघा. मिरजेच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून लगेच सांगितलं की ही गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते, ते अंडाशयात तयार होतं, आणि आक्कांचे दोन्ही अंडाशय अजून जागेवर आहेत. ते काढले. त्यांत काही निघालं नाही. छातीचा स्कॅन केला, कारण ही गाठ परतते तेव्हा फुप्फुसातही परतू शकते. तो स्वच्छ आला. गाठ पिशवीतच होती पण पाच सेंटीमीटरच्या वर, म्हणून पहिल्या पायरीचा दुसरा टप्पा धरला. आता लेट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या औषधाची रोज एक गोळी. ही गाठ पुष्कळ वर्षांनीही परत येऊ शकते, म्हणून तपासणी लांबवर चालू राहणार. साध्या गाठीचा कागद घेऊन आम्ही गप्प बसलो असतो तर अंडाशय तसेच राहिले असते. अंगातून वाफा निघतात म्हणून कुणी हार्मोनच्या गोळ्याही दिल्या असत्या, आणि त्या गाठीच्याच पथ्यावर पडल्या असत्या. दुसऱ्या ऑपरेशनला जाताना आक्का मला एवढंच म्हणाल्या, "बरं झालं उकरलंस."

त्या खुर्च्यांवर बसून आणखीही काही कळलं. जत तालुक्यातल्या एक आजी भेटल्या, वय ६१. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावर जायला लागलं. "म्हातारपणी विटाळ आला म्हणून सुनेला सांगायची लाज वाटली," म्हणाल्या. सहा महिने लपवलं. त्यांची गाठ अंडाशयात निघाली, तीही आधाराच्या पेशींतलीच, ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. ती गाठ स्वतःच इस्ट्रोजेन तयार करते, त्यामुळे पिशवीचं अस्तर जाड होतं आणि रक्त जातं. आजींच्या मुलाला मॅडमनी पडद्यावर दाखवलं तेव्हा आजींनी मलाही हाताला धरून आत नेलं. पेशींच्या मधोमध खाच, कॉफीच्या बीसारखी. मध्येच पेशींनी गोल धरलेली छोटी पोकळी. तिथे मॅडमनी रेटिक्युलिन नावाचा जुना, स्वस्त रंग लावला होता. त्यात काळे धागे दिसतात. ग्रॅन्युलोसात धागे पेशींच्या अख्ख्या पुंजक्याला वेढतात, फायब्रोमा किंवा थिकोमा या अंडाशयातल्याच दुसऱ्या गाठी असतील तर एकेका पेशीला. मोठ्यांच्या ग्रॅन्युलोसा गाठीत फॉक्सएल-२ या जनुकात जवळजवळ नेहमी एकच ठराविक बदल असतो, हे २००९ मध्ये कळलं. मुंबईला पाठवायची वेळ आली तर तो तपासता येतो. आजींच्या बाबतीत इनहिबिनचा, म्हणजे ग्रॅन्युलोसा पेशी तयार करतात त्या हार्मोनचा, रंगही उमटला आणि रक्तातलं इनहिबिनही वाढलेलं होतं, म्हणून पुढे रक्तावरूनही लक्ष ठेवता येणार. ही गाठ वीस वर्षांनीसुद्धा परतल्याची उदाहरणं आहेत, असं मॅडम मुलाला म्हणाल्या. त्याने लगेच मोबाईलमध्ये दरवर्षीची तारीख लावली. मला तो मुलगा फार आवडला.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी सुनेला, लेकीला, कुणालाही सांगा, हो.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या रात्रीच्या फाइलचा कापला.

जाणाऱ्यांसाठी. सकाळी साडेदहाला जा, मॅडम तेव्हा निवांत बोलतात. रोख पैसे न्या, कार्ड चालत नाही. पहिल्या लॅबची पावती, जुना रिपोर्ट, सोनोग्राफीचा कागद आणि ऑपरेशनची नोंद, चारही न्या. नुसत्या काचा नेऊ नका, मेणाचे ठोकळेही मागून घ्या. ते पेशंटचे आहेत, सही करून मिळतात. उन्हाळ्यात ठोकळे गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. मी ते जेवणाच्या डब्यात घालून, ओल्या पंचात गुंडाळून मांडीवर घेऊन आले होते. आणि उरलेली पिशवी पहिल्या लॅबमध्ये आहे का ते आजच फोन करून विचारा, महिना भरायच्या आत.